निळीच्या पिंपातून कापड हिरवं का निघतं?

पिंपातून रुमाल वर काढला तेव्हा तो हिरवा होता. पोपटीच म्हणा ना. माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या, त्यांच्या हातातल्या सुती पंचाचंही तेच झालेलं. "अहो दादा, हे तर हिरवं झालं!" त्या काळजीनं म्हणाल्या. रंगारीदादा म्हणाले, "आजी, दोरीवर टाका आणि नुसतं बघत राहा." आजींनी पंचा दोरीवर टाकला. आधी कडा निळ्या झाल्या, मग घड्यांच्या रेघा, मग मधला भाग, आणि बघता बघता सगळा पंचा निळाशार. आजींनी पदरानं चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं आणि विचारलं, "पण पांढऱ्या कपड्यांना देतो तीच का हो ही नीळ?"

दर वर्षी ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. १९०५ साली याच तारखेला कलकत्त्यात स्वदेशीची चळवळ पुकारली गेली, म्हणून २०१५ पासून हा दिवस पाळला जातो. त्याच्या मागेपुढे ठिकठिकाणच्या सभागृहांत हातमागाची प्रदर्शनं लागतात, ठशांच्या छपाईचे आणि निळीच्या रंगकामाचे वर्ग भरतात. आपण तासा-दोन तासांत एक रुमाल रंगवतो, फोटो काढतो, घरी येतो. त्यात काही वावगं नाही. पण त्या पिंपात नेमकं काय चाललंय हे कळलं, तर तोच रुमाल आपण वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. रंगारीदादांना त्या दिवशी पन्नास जणांचे पन्नास प्रश्न होते, त्यातले बरेचसे अर्धवट राहिले. ते इथे पुरे करते. सुरुवात अर्थात आजींच्या प्रश्नापासून.

पुडीतली नीळ वेगळी

धुण्याच्या शेवटच्या पाण्यात आपण जी नीळ घालत आलो, ती पूड म्हणजे अल्ट्रामरीन. चिनीमाती, सोडा आणि गंधक भट्टीत तापवून ती कारखान्यात तयार होते. ती धाग्यात शिरत नाही, वरवर बसते, कापडाचा पिवळटपणा झाकते आणि पुढच्या धुण्यात निघून जाते. आता बाटलीतून मिळते ती पातळ नीळ बहुधा आणखी वेगळ्याच रंगद्रव्यांची असते.

हा लेख ज्या निळीबद्दल आहे ती झाडाची. जुन्या मराठीत तिला 'गुळी' असंही नाव आहे. तुरीच्या, हरभऱ्याच्या कुळातलं हे कंबरेएवढं झुडूप. रोमन लोक या रंगाला 'भारतातून येणारा' अशा अर्थाच्या नावानं ओळखत, त्यावरूनच इंग्रजीतला 'इंडिगो' आला. आपला 'नील' अरबीतून पोर्तुगिजांकडे 'अनिल' होऊन गेला, आणि पुढे रसायनशास्त्रात त्यावरून 'अ‍ॅनिलीन' हे नाव पडलं. मात्र निळा रंग साऱ्या जगाला आपणच शिकवला असं म्हणणं खरं नाही. पेरू देशात वाका प्रिएता इथे सापडलेले निळीत रंगवलेले सुती कापडाचे तुकडे सुमारे ६००० वर्षांपूर्वीचे आहेत. निळीची किमया वेगवेगळ्या खंडांतल्या माणसांना आपापल्या झाडांतून स्वतंत्रपणे सापडली, आणि मला ही गोष्ट कुठल्याही पहिलेपणाच्या मानापेक्षा मोठी वाटते.

पान चुरगळलं तर लगेच निळं होत नाही

मेंदीचं पान वाटलं की रंग दिसतो, हळकुंड तर न वाटताही पिवळंच. निळीचं पान मात्र साधं हिरवं. त्यात निळा रंग नसतोच, असतो तो रंगाचा कच्चा माल, साखरेच्या एका कणाला बांधून ठेवलेला.

पानं रात्रभर पाण्याच्या हौदात दाबून ठेवतात. ती आंबतात आणि साखरेची ती गाठ सुटते. सकाळी पिवळट हिरवं पाणी खालच्या हौदात सोडतात आणि ते घुसळतात. जुन्या पद्धतीत माणसं हौदात उतरून पायांनी आणि वल्ह्यांनी पाणी उडवत राहतात, ते पाण्यात हवा मिसळावी म्हणून. कापलेलं वांगं हवेनं काळं पडतं, तसा हा कच्चा माल हवेतला प्राणवायू घेतो आणि निळा होतो. मग नीळ गाळासारखी तळाशी बसते. तो गाळ उकळून, गाळून, दाबून त्याच्या वड्या पाडतात. तमिळनाडूत तिंडिवनमच्या आसपास आजही अशी नीळ तयार होते. शंभर किलो ओल्या पानांतून किलोभरही नीळ निघत नाही, हे लक्षात ठेवलं की तिच्या किमतीचं आश्चर्य उरत नाही.

मिटलेल्या छत्रीची युक्ती

आता खरी अडचण सुरू होते. ही वडी कुटून पाण्यात घाला, ती विरघळत नाही. वाळू ढवळावी तशी फिरते आणि खाली बसते. विरघळत नाही म्हणजे धाग्याच्या आत शिरत नाही, आणि आत न शिरलेला रंग पहिल्या पाण्यात जातो.

पावसात अरुंद दारातून आत जायचं असेल तर आपण काय करतो? छत्री मिटतो. रंगारी निळीचं हेच करतो. पिंपात चुन्यासारखं काहीतरी अल्कली असतं आणि सोबत निळीतला प्राणवायूचा प्रभाव काढून घेणारा एखादा पदार्थ. या काढून घेण्याला शाळेच्या पुस्तकात 'क्षपण' म्हणतात. आपण त्याला छत्री मिटणंच म्हणू. मिटलेली नीळ पाण्यात विरघळते, तिचा रंग पिवळसर हिरवा असतो, आणि ती धाग्याच्या आत सहज जाते. कापड बाहेर काढलं की हवा लागते, छत्री आतल्या आत उघडते. आता तिला दारातून बाहेर येता येत नाही.

आजींचा पंचा आधी हिरवा आणि मग निळा का, याचं उत्तर हे. गडद रंग हवा असेल तर कापड जास्त वेळ भिजवून फारसं साधत नाही. बुडवायचं, हवा द्यायची, पुन्हा बुडवायचं. प्रत्येक फेरीला निळाईचा एक थर चढतो. आकाशी हवा तर एक-दोन बुडव्या, काळ्याकडे झुकणारा निळा हवा तर कितीतरी.

पिंपाला भूक लागते

छत्री मिटणारा पदार्थ कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. घाईच्या कार्यशाळेत बहुधा हायड्रोस असतं. पांढरी पूड, जळक्या गंधकासारखा वास, काम पटकन. दुसरी पद्धत साखरेची: गूळ, खजूर, पिकलेली केळी. आजकाल बऱ्याच ठिकाणी शिकवतात ते प्रमाण वजनानं १ भाग नीळ, २ भाग चुना आणि ३ भाग फळांची साखर असं आहे.

तिसरी पद्धत सगळ्यांत जुनी, आंबवण्याची. इथे छत्री मिटण्याचं काम सूक्ष्म जीव करतात. कच्छात आणि दक्षिणेत यासाठी टाकळ्याचं बी शिजवून पिंपात घालत आले आहेत. हो, पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तोच टाकळा. दह्याचं विरजण आणि इडलीचं पीठ ज्यानं सांभाळलंय त्याला हे पिंप लगेच समजेल. थंडीत ते मंदावतं. फार वेळा ढवळलं तर आत हवा शिरून बिघडतं. त्याला वेळच्या वेळी खायला घालावं लागतं. नीट असेल तर वर तांबूस चकाकीचा पापुद्रा आणि निळा फेस दिसतो आणि आतलं पाणी हिरवट असतं. वास बघून, बोटावर थेंब चोळून रंगारी ओळखतो की आज चुना कमी पडलाय की गूळ.

मला या सगळ्यात वारसा दिसतो तो इथे. ठसा संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवता येतो, जुनी चादरही ठेवता येते. पिंप तसं ठेवता येत नाही. कुणीतरी रोज त्याची चौकशी केली तरच ते टिकतं, आणि ही चौकशी कशी करायची ते पुस्तकातून पुरतं कळत नाही. कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकावं लागतं. म्हणून गावातल्या, गल्लीतल्या अशा कार्यक्रमांना मी मोल देते.

न उकळणारा रंग

मंजिष्ठेच्या मुळांच्या लालासारखे बरेच रंग कापडावर चढवायला पाणी चांगलं तापवावं लागतं. नीळ मात्र साध्या कोमट पाण्यातही चढते, थंड पाण्यातही. ही बारीक वाटणारी गोष्ट ठशांच्या छपाईला फार उपयोगी पडली. जिथे निळा नको तिथे कापडावर चिखलाचा किंवा चुना-डिंकाचा लगदा ठशानं लावायचा. उकळत्या पाण्यात हा लगदा केव्हाच सुटला असता. निळीच्या गार पिंपात तो टिकतो आणि त्याच्याखालचं कापड कोरं राहतं.

चिखलाच्या या छपाईला राजस्थानात 'दाबू' म्हणतात. तिचं एक नावाजलेलं गाव आहे आकोला. आपल्या अकोल्याचा आणि त्याचा संबंध नाही, ते चित्तोडगड जिल्ह्यात आहे. आणि चुना-डिंकाची छपाई तिच्या सगळ्या ऐश्वर्यात बघायची तर कच्छचं अजरख बघावं. तारे आणि जाळ्यांची नक्षी, गडद निळा, मंजिष्ठेच्या जातीचा लाल, आणि गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला काळा. एका कापडाला चौदा-सोळा टप्प्यांतून जावं लागतं. धुणं, हिरडा, छपाई, नीळ, पुन्हा धुणं, आणि प्रत्येक टप्प्यामध्ये उन्हात वाळवणं. 'अजरख' हे नाव निळ्यासाठीच्या अरबी शब्दावरून आलं असं मानतात. भारतात छापलेल्या अशा जुन्या कापडांचे तुकडे इजिप्तमध्ये फुस्तातच्या उत्खननात सापडले आहेत.

अजरख छापणारे खत्री सिंधमधून कच्छात आले आणि धमडका गावी नदीकाठी वसले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गाव कोसळलं, आणि विहिरींच्या पाण्यात लोह वाढलं. लोहानं लाल रंग काळवंडतो. तेव्हा काही कुटुंबांनी भुजजवळ नवी वस्ती केली, तिचं नाव अजरखपूर. पाणी पाहून गाव वसवणारी ही माणसं. २०१६ पासून तिथे कच्छच्या हस्तकलांचं एक मोठं संग्रहालय आणि शिक्षणकेंद्र आहे, आणि २०२४ साली कच्छच्या अजरखला भौगोलिक मानांकन मिळालं. कच्छला रण बघायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक दुपार अजरखपूरला द्यावी. बाहेर शेतांत लांबच लांब कापडं वाळत पडलेली असतात.

"हाताला निळं लागतं, म्हणजे रंग कच्चाच ना?"

ही तक्रार दर कार्यक्रमात ऐकू येते. नीळ धाग्याशी रासायनिक गाठ बांधत नाही, ती आत अडकून बसते. ज्या छत्र्या अगदी दाराशी उघडल्या त्या घासल्यावर निघतात. म्हणून नव्या कापडाला हात घासला की बोट निळं होतं. तेवढा वरचा रंग गेला की आतला वर्षानुवर्षं राहतो, कारण उघडलेली नीळ पाण्यात विरघळतच नाही.

जीन्सची सगळी गंमत याच 'दोषा'वर उभी आहे. तिचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा निळीत रंगवलेला असतो, बाण्याचा, म्हणजे आडवा, पांढरा. ताण्याच्या धाग्यातही नीळ बाहेरच्या भागात असते आणि गाभा पांढरा राहतो. गुडघ्यावर घासत गेलं की तो पांढरा वर येतो. जाडजूड कामाच्या कापडाचं 'डंगरी' हे नाव तर मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजीत गेलं.

"कारखान्याची नीळ तीच, तर झाडाची कशाला?"

प्रश्न रास्त आहे. कारखान्यातला निळा रेणू आणि झाडातला निळा रेणू एकच. आडोल्फ फोन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८८३ साली त्याची रचना उलगडली, पुढे १९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीनं कृत्रिम नीळ बाजारात आणली. त्या वर्षी जगात झाडांपासून सुमारे १९,००० टन नीळ होत होती. १९१४ पर्यंत ती १,००० टनांवर आली. आज तुमच्याआमच्या अंगावरची जवळजवळ प्रत्येक जीन्स कृत्रिम निळीची आहे.

त्यामुळे नुसतं कापड बघून "ही अस्सल झाडाची नीळ" असं छातीठोकपणे कुणीच सांगू नये. प्रयोगशाळेत मात्र ते कळतं. खनिज तेलापासून केलेल्या निळीत कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कार्बन असतो, झाडाच्या निळीत काल-परवाच्या हवेतला. तसंच, 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबून पिंपाबद्दल विचारायचं थांबू नये. झाडाची नीळ हायड्रोसच्या पिंपात घातली तर ते सांडपाणी काही गोमूत्र होत नाही, ते नाल्यात सोडलं की पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. उलट कारखान्याची नीळ गूळ-चुन्याच्या पिंपातही चालते.

मग झाड कशाला? माझं उत्तर शेताकडे बोट दाखवतं. नीळ द्विदल कुळातली, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारी. रंग काढून उरलेली पानं खत म्हणून परत शेतात जातात. सगळ्या जगाच्या जीन्स यातून रंगणार नाहीत, तसा आग्रहही नाही. पण भाताच्या दोन हंगामांमध्ये एखाद्या शेतकऱ्याला हे पीक परवडत असेल, आणि त्याच्या निळीवर चार रंगाऱ्यांची पिंपं चालत असतील, तर ते टिकावं असं मला मनापासून वाटतं.

"ज्या निळीनं शेतकरी नागवले, तिचा कसला उत्सव?"

कार्यशाळेतल्या एका इतिहासाच्या शिक्षकांनी हा प्रश्न विचारला आणि सभागृह गप्प झालं. तो विचारलाच पाहिजे.

मुघल काळात अहमदाबादजवळचं सरखेज आणि आग्र्याजवळचं बयाना इथली नीळ युरोपपर्यंत जायची. मोठा जुलूम सुरू झाला तो पुढे बंगालमध्ये. गोरे मळेवाले रयतेला आगाऊ रक्कम देत, तिला 'दादन' म्हणत. एकदा ती घेतली की चांगल्या भाताच्या जमिनीत नीळ लावायची, आणि दर मळेवाला ठरवणार. कर्ज फिटायचं नाही, मुलाच्या माथी यायचं. १८५९ मध्ये नदिया जिल्ह्यातल्या चौगाछा गावातून दिगंबर विश्वास आणि विष्णुचरण विश्वास यांच्या पुढाकारानं रयत उठली, आणि नीळ पेरायचीच नाही हा निर्धार गावोगाव पसरला. १८६० मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मळे बंगालमधून आखडले आणि बिहारमध्ये सरकले.

चंपारणमध्ये 'तीनकठिया' होती. एका बिघ्याचे २० कठ्ठे, त्यातल्या ३ कठ्ठ्यांत नीळ लावणं सक्तीचं. वर सांगितलेली जर्मन नीळ आली, भाव कोसळले, आणि मळेवाल्यांनी आपला तोटा रयतेवर ढकलला: नीळ लावू नका हवं तर, पण त्याबदली जमिनीचा खंड वाढवून द्या किंवा एकरकमी भरपाई, 'तावान', भरा. नको असलेल्या पिकातून सुटण्याचेही पैसे! राजकुमार शुक्ल या शेतकऱ्यानं गांधीजींचा पिच्छा पुरवला, १५ एप्रिल १९१७ ला गांधीजी मोतिहारीला पोहोचले, हजारो रयतेच्या जबान्या लिहून घेतल्या गेल्या, आणि १९१८ च्या कायद्यानं तीनकठिया संपली.

शिक्षकांना माझं उत्तर असं. जुलूम झाडात नव्हता, कुणाच्या शेतात काय पेरायचं आणि त्याचा दर काय हे दुसरा ठरवत होता त्यात होता. निळीचा कार्यक्रम करणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लावली पाहिजे, पिंपाच्या अगदी शेजारी. आणि वडी विकत घेताना आपण विचारलं पाहिजे की ती पिकवणाऱ्याला काय मिळालं.

आपल्याकडचे निराळी

महाराष्ट्रात नीळ रंगवणाऱ्यांचा एक समाजच होता, निराळी. नगर, सोलापूर या भागांत सूत आणि कापड निळीत रंगवणं हा त्यांचा धंदा. गिरणीचं कापड आणि कारखान्याचे रंग आले तसा तो मोडत गेला. आडनाव मात्र राहिलं. निराळी आडनावाचे कुणी तुमच्या ओळखीत असतील तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून बघा, पणजोबांच्या घरी रंगाचे रांजण होते का. अशी एक आठवण लिहून ठेवणं म्हणजेही वारशाचं काम आहे.

जाल तेव्हा

आधी धुतलेलं, खळ गेलेलं सुती कापड न्या. पिंपातला चुना रेशमाला आणि लोकरीला सोसत नाही, तेव्हा आईची जुनी पैठणी घरीच राहू द्या. हातमोजे घाला. कापड पाण्याखालीच हलवा, उगाच वरखाली करून हवा आत घालू नका. घरी हायड्रोसचे प्रयोग करू नका, ती पूड ओलसर झाली तर आपोआप पेटू शकते. रंगवलेलं कापड पहिले काही दिवस वेगळं धुवा.

आणि पिंपात काय आहे, ते किती दिवसांचं आहे आणि संध्याकाळी सांडपाण्याचं काय करता, हे रंगाऱ्याला जरूर विचारा. ज्यानं पिंप प्रेमानं सांभाळलंय तो या प्रश्नांनी खुलतो. आमचे दादा खुलले. सगळे पांगल्यावर आजी आणि मी मागे राहिलो होतो. दादांनी काठीनं पिंप एकाच दिशेला हळूहळू ढवळलं, गुळाचं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि वरून गोणपाट गुंडाळलं.

"उद्या परत वर्ग आहे का?" आजींनी विचारलं.

"उद्या नाही आजी. आज पन्नास रुमाल झाले. उद्या हिला झोपू द्यायचं."